ढब्बूचं तिसरं दुखणं

१

जामची जुनी बरणी मास्तरणीनं दवाखान्याच्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आदळलीच.

"हे विष आहे, डॉक्टर. आणि कुणी घातलं तेही मला ठाऊक आहे."

बरणीत ढब्बूची सकाळची ओकारी होती. पिवळट, तेलकट, आणि तिच्यात लाल रंगाचे चार-पाच कण. डॉक्टरीणबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग ढब्बूकडे. तो पुढचे पाय पसरून, छाती टेबलाला टेकवून आणि मागचा भाग वर धरून उभा होता. पोटात कळ मारली की कुत्री अशीच उभी राहतात. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप.

डॉक्टरीणबाई दमल्या होत्या. सकाळपासून एक मांजर, दोन ससे आणि तीन मालक यांच्यावर उपचार करून झाले होते, आणि त्यात मालकांनाच वेळ जास्त लागला होता. वर्षभरात दवाखाना बंद करायचा असं त्या गेली चार वर्षं म्हणत होत्या.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "आणि हळू बोल. त्याला त्रास होतो, मलाही होतो."

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची, म्हणून अख्खी गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. दिवसभर दुसऱ्याच्या हातातल्या स्टिअरिंगवर जीव टांगून बसायचं, त्यामुळे तिचा आवाज कायम ब्रेक दाबल्यासारखा निघायचा.

"तुम्ही दोनदा सांगितलंत, स्वादुपिंडाला सूज आहे, तेलकट-तुपकट काही द्यायचं नाही. मी नाही देत! तुम्ही दिलेलं कोरडं खाणं, वाटीनं मोजून. केराच्या डब्यालाही कडी लावलीय. मग पुन्हा का? कारण शेजारचा घड्याळजी. त्याला ढब्बूच्या भुंकण्याचा राग आहे. मागच्या पंधरवड्यात त्यानं उंदराचं औषध आणलं, दुकानदारानंच सांगितलं मला. आणि सोमवारी तो आमच्या भिंतीवरून काहीतरी फेकताना मी डोळ्यांनी पाहिलं. कालच तक्रार देऊन आलेय. परवा सकाळी त्याच्या दुकानाची झडती आहे."

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. कुठं रक्त नाही, काळंनिळं नाही. उंदराच्या औषधानं रक्त पातळ होऊन हिरड्यांतून पाझरायला लागतं. त्यांनी सलाइनची तयारी केली, दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरलं आणि ढब्बूला उचलून काट्यावर ठेवलं. काट्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काय झालं?" मास्तरणीनं विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वीपेक्षा तीन किलो जास्त भरतोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "विषानं मेलेली कुत्री मी पुष्कळ पाहिली. विषावर बाळसं धरलेलं हे पहिलंच."

२

रक्ताच्या तपासणीनं तेच सांगितलं. स्वादुपिंड सुजलेलं आणि रक्तात चरबी इतकी, की नळीतलं रक्त दुधाळ दिसत होतं. कुत्र्याच्या पोटात स्निग्ध पदार्थ एकदम फार गेले की असं होतं. अन्न पचवणारा रस आतल्या आत स्वतःच्याच पिंडावर उलटतो. एक तर जनावर आठवडाभरात सावरतं, नाहीतर सावरत नाही. ही तिसरी वेळ होती. चौथीची खात्री डॉक्टरीणबाई द्यायला तयार नव्हत्या.

लाल कण त्यांनी धुऊन भिंगाखाली धरले. कण कसले, पातळ पापुद्रे होते ते, अंड्याच्या कवचासारखे किंचित वळलेले. वरून लाल, चकचकीत. आतून पांढरे.

खरं तर ते त्यांचं काम नव्हतं. कुत्र्याला सलाइन लावायचं, मालकाला दटावायचं, संपलं. पण परवा एका माणसाच्या दुकानात पोलीस शिरणार होते, आणि ढब्बू दवाखान्याच्या पिंजऱ्यातून कसलीही तक्रार न करता त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

घड्याळजीचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. शंभर घड्याळं, आणि त्यातली निम्मी चुकीची वेळ दाखवणारी. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता, पण समोर उघडं घड्याळ मात्र नव्हतं.

"या. तुम्हीही बघायला आलात का, विष घालणारा माणूस दिसतो कसा?" तो म्हणाला. "कालपासून एक गिऱ्हाईक नाही. एक बाई दुरुस्तीला दिलेलं घड्याळ तसंच परत घेऊन गेली. बंद पडलेलंच!"

"औषध आणलं होतंत ना?"

त्यानं खणातून पुडकं काढून पुढं टाकलं. वरचं कागदी सील जसंच्या तसं होतं. "आणलं खरं. पण त्याच दिवशी दुकानात उंदराची चार पिल्लं सापडली, डोळे न उघडलेली. नाही झाला धीर. आता मास्तरीण म्हणणार, दुसरं पुडकं होतं. जे नव्हतंच ते नव्हतं म्हणून कसं दाखवू?"

"आणि सोमवारी भिंतीवरून काय फेकलंत?"

"चेंडू. त्यांच्याच ढब्बूचा. महिन्यातून चारदा इकडं येतो, चारदा मी परत फेकतो." त्यानं पुडकं परत खणात टाकलं. "भुंकण्याचा राग आहे, खोटं कशाला बोलू? दिवसभर डोकं उठवतं ते कुत्रं. फक्त दुपारी बारा ते साडेबारा चिडीचूप. घड्याळं लावून घ्यावीत इतकं नेमानं."

"मास्तरीण तर तेव्हा कामावर असते."

"असते. घरी अप्पा असतात, तिचे वडील." घड्याळजीनं भिंग काढलं. "अप्पा रोज यायचे इथं बुद्धिबळ खेळायला. चहा-बिस्किटं व्हायची. दोन-अडीच महिने झाले, येत नाहीत. मुलीनं तक्रार दिली म्हणून म्हणाल, तर ती कालची. त्याच्या आधीच यायचे बंद झाले. मी काय केलं होतं त्यांचं?"

३

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मास्तरणीच्या घरी पोचल्या तेव्हा एक वाजत आला होता. मास्तरीण नुकतीच आली होती, अप्पा आतल्या खोलीत पडले होते. ढब्बू बरा आहे, पाणी पितोय, एवढं सांगून डॉक्टरीणबाईंनी सरळ स्वयंपाकघर गाठलं.

केराच्या डब्याला खरंच कडी होती. कुत्र्याचं खाणं उंच फळीवर, शेजारी मोजायची वाटी. सगळं चोख. मग त्यांनी फ्रिज उघडला आणि त्यांचे डोळेच विस्फारले. लोण्याच्या चार वड्या, मलईचं पातेलं, चीज, दोन डझन अंडी.

"हे कुणासाठी?"

"अप्पांसाठी. हिवाळ्यात तापातून उठले ते पार खंगले. त्यांच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, खाऊपिऊ घाला. म्हणून सकाळीच सगळं करून झाकून ठेवते. अंडी लोण्यात, मटण मलईत. गोळी गिळायचा त्यांना कंटाळा, म्हणून तीही लोण्यात दडवून ठेवते." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा समाधान दिसलं. "पण खातात हं सगळं! कण ठेवत नाहीत. तरी अंगी लागत नाही, म्हणून मी आणखी वाढवत चाललेय."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची बाटली हातात घेतली. गोळ्या लाल होत्या, चकचकीत. एक मधोमध मोडून पाहिली. वरचा पापुद्रा लाल, आतून पांढरा.

म्हणजे हे असं होतं! म्हाताऱ्याला ताट जड झालं, कुत्र्याचं फावलं. इतकं साधं, की त्यांना हसू येण्याऐवजी जांभई आली. त्या बाटली ठेवून वळल्या, तोच मोरीत भांडी घासणाऱ्या मावशींचा आवाज आला.

"अप्पांचं ताट म्हणजे मला सुट्टी. आरशासारखं असतं रोज. आज तर त्यांनी विसळूनच ठेवलंय. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात पेला विसळला नाही, बाई."

डॉक्टरीणबाई थबकल्या.

"आज? मटण होतं आज?"

"होतं की," मास्तरीण म्हणाली. "चार मोठे तुकडे. संपवले त्यांनी."

ढब्बू तर कालपासून दवाखान्यात होता. मग आज ताट कुणी साफ केलं?

४

अप्पा खिडकीशी खुर्चीवर येऊन बसले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. अंगात कधीकाळी मापाचा असलेला शर्ट, आता त्यात आणखी एक अप्पा मावले असते. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं दिसत होती.

"या डॉक्टरीणबाई. खाली-वर करण्यात जन्म गेला, आता मधल्याच मजल्यावर अडकलोय," ते हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

मास्तरीण चहा-बिस्किटं ठेवून आत गेली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "ढब्बूला तुम्ही ताटातलं देता?"

"देतो." उत्तर इतकं पटकन आलं, की जणू ते तयारच होतं. "एखादा घास. काय करणार, असा बघतो मेला! चुकलं माझं. पोरीला मीच सांगतो, घड्याळजीचीही माफी मागतो. यापुढं एक कणही देणार नाही. झालं?"

झालं तर होतं. गुन्हेगार सापडला, कबुली मिळाली, झडती टळेल. डॉक्टरीणबाईंना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण त्या बसून राहिल्या आणि अप्पांकडे पाहत राहिल्या. अप्पांनी चहाचा घोट घेतला, मान एका बाजूला कलली, थांबले, मग गिळला. दुसरा घोटही तसाच. बिस्कीट त्यांनी हातात घेतलं, बोलता बोलता हात खाली गेला, आणि वर आला तो रिकामा. तोंड मात्र हललं नव्हतं.

"अगं," डॉक्टरीणबाईंनी आतल्या दिशेनं हाक दिली, "मधे ढब्बूचं खाणं न्यायला तू लंगडत आली होतीस, पाय मुरगळला होता ना? घरी होतीस?"

"दहा दिवस!" आतून उत्तर आलं. "तेव्हा ढब्बू अगदी ठणठणीत होता. अप्पांचंच पोट बिघडलं होतं. दहा दिवस नुसतं सूप आणि चहा. मी समोर बसून पाजायचे. मी कामावर गेले आणि त्यांची भूक परत आली."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाई उठल्या. खोलीच्या कोपऱ्यात अप्पांची हत्यारांची जुनी पत्र्याची पेटी होती. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची एक बारीक रांग निघाली होती आणि ती थेट त्या पेटीत शिरत होती. लोखंडी पान्यांत मुंग्यांचं काय काम? त्यांनी झाकण उचललं. पान्यांवर वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. आत मटणाचे चार तुकडे, दोन अंडी, लोण्याचा गोळा, आणि त्यात रुतलेली एक लाल गोळी.

त्यांनी झाकण हळूच लावलं आणि परत येऊन बसल्या.

"एखादा घास नाही, अप्पा. अख्खं ताट. चावून खायचं असं शेवटचं कधी खाल्लंत तुम्ही?"

५

"दार लोटा," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळाच होता. चेष्टा गळून पडलेला.

डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं. मग त्याच बोलल्या, थकलेल्या आवाजात, कुणाला शिक्षा सुनावल्यासारखं नव्हे तर औषधाची चिठ्ठी वाचून दाखवल्यासारखं.

"ढब्बूचं वजन तीन किलोनं वाढलं. मोजून दिलेल्या वाटीवर ते वाढत नाही, एखाद्या घासावरही नाही. त्याच्या ओकारीत तुमच्या गोळीचं कवच होतं. म्हणजे गोळीसुद्धा तुमच्या पोटात जात नाही. मुलगी घरी होती ते दहा दिवस तो बरा होता, कारण ती समोर असताना देता येईना, म्हणून तुम्ही पोट बिघडल्याचं सोंग केलंत आणि सुपावर राहिलात. बारा वाजता तो गप्प होतो, कारण तेव्हा त्याची पंगत असते. आज तो नाही, तर पेटीत भरलंत. घड्याळजीकडे जाणं सोडलंत, कारण तिथं बिस्किटं पुढं येतात. भूक नसलेला माणूस ताटात टाकतो, अप्पा. लपवतो तो, ज्याला गिळता येत नाही."

"अडीच महिने झाले," अप्पा म्हणाले. "आधी पाव अडकायचा. मग अंडं. इथं." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "पातळ उतरतं, तेही मान वाकडी केली तर. मला कळतं हो हे काय असेल. हिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. दोन वर्षं पोरीनं सगळं सोडून आईचं केलं. नळीनं भरवलं. आता कुठं तिची स्वतःची गाडी रस्त्याला लागलीय. पुन्हा तिला त्याच चक्रात घालू?"

"मी जनावरांची डॉक्टर. तुमच्या दुखण्याला नाव मी देणार नाही. दरवेळी तेच निघतं असंही नाही. पण बघायला तर हवं."

"नाही." त्यांनी मान हलवली. "तुम्ही ढब्बूला घेऊन जा. कायमचं. मी त्याला मारत होतो हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा कमी द्यायला लागलो. पण उरलेलं टाकू कुठं? डब्याला कडी, बाहेर घड्याळजीची खिडकी." त्यांचे डोळे भरून आले. "घेऊन जा त्याला. पोरीला काही सांगू नका. तुमचं काम कुत्र्याचं, तेवढं झालं ना?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, हो म्हणावं. परक्या घरातलं परक्याचं दुखणं. त्या तीस वर्षं हेच सांगत आल्या होत्या, की मी मालकांची डॉक्टर नाही.

"कुत्रं नेलं तर ती रोज आणखी रांधेल," त्या म्हणाल्या. "ताट साफ होतंय, अंगी लागत नाही, म्हणून वाढवतेय ती. आणखी महिन्याभरात तुम्ही खुर्चीतून उठणार नाही, आणि तिला जन्मभर वाटेल, आपणच कमी पडलो. एका चक्रातून सोडवायला निघालात, अप्पा, आणि हे दुसरं तिच्या गळ्यात बांधताय. आणि उद्या सकाळी घड्याळजीच्या दारात पोलीस. त्याचं काय?"

अप्पांनी हातातला कप खाली ठेवला.

"मी चहा संपेपर्यंत इथं बसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढ्यात तुम्ही तिला हाक मारा. नाही मारलीत, तर मी मारेन."

कप रिकामा होत आला. तळाशी एकच घोट राहिला. बाहेर मावशी भांडी पालथी घालत होत्या. डॉक्टरीणबाईंनी तो शेवटचा घोट तोंडाला लावला.

"बाळ," अप्पांनी हाक मारली. "जरा ये इकडं."

६

मास्तरीण रडली नाही. आधी चिडली. पेटी उघडून तिनं पुरचुंडी पाहिली, ती वडिलांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "हे पहाटे पाचला उठून केलं मी. रोज. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतंत, की नको."

"तू किती खुश व्हायचीस," अप्पा म्हणाले, "ताट बघून."

मग ती खाली बसली, फरशीवरच, आणि बराच वेळ उठली नाही.

त्याच दिवशी चौकीत जाऊन तिनं तक्रार मागं घेतली. तिथून घड्याळजीच्या दुकानात गेली. त्यानं ऐकून घेतलं, अप्पांचं कळल्यावर डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. पण माफीवर तो म्हणाला, "कागद मागं घेतलास, ते बरं केलंस. लोकांच्या तोंडात गेलेलं कसं मागं घेणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकही शिकवणी घेतली नाही. गल्लीतल्या पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत गेली आणि प्रत्येक उंबऱ्यात उभी राहून तेच सांगितलं. घड्याळजीनं काही केलं नव्हतं, मी खोटं पसरवलं. काहींनी या-बसा केलं, काहींनी तोंड वाकडं केलं, एकीनं तिच्या तोंडावर दार लावलं. बंद घड्याळ परत नेणाऱ्या बाईकडे ती दोनदा गेली.

ढब्बू बारा दिवसांनी घरी आला. त्याला आता जन्मभर बिनचरबीचं, मोजून खाणं. त्यानं वाटी हुंगली, सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि कुणीच विरघळत नाही असं बघून मुकाट खाल्लं.

अप्पांच्या घशातून दुर्बीण घालून पाहिलं गेलं. अन्ननलिकेत गाठ होती; दुखणं तेच निघालं, ज्याची त्यांना भीती होती. पण भीती होती तितकं पुढं गेलेलं नव्हतं. कापून काढता येईल, डॉक्टर म्हणाले. वय आहे, अंगात ताकद नाही, हमी नाही, पण येईल. आणखी दोन महिने गेले असते तर हे बोलणंही झालं नसतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई इस्पितळात गेल्या. का गेल्या, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मास्तरीण बाहेरच्या बाकावर ताठ बसली होती, पाय जणू ब्रेकवर. त्या शेजारी बसल्या. साडेअकराच्या सुमाराला घड्याळजी आला, दोघींना बघून घुटमळला, आणि समोरच्या बाकावर जरा लांब बसला.

एक वाजून गेल्यावर दार उघडलं. हिरव्या टोपीतला सर्जन तोंडावरची पट्टी खाली ओढत म्हणाला, "निघालं. दिसलं तेवढं सगळं निघालं. आता पुढचे चार दिवस बघू."

मास्तरणीनं मान डोलावली. आभार मानायला ती अर्धी उठली. ती परत बसली, डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बघता बघता, बसल्या जागी झोपून गेली.

डॉक्टरीणबाईंचा फोन वाजायला लागला. दवाखान्यातून असणार, कुणाचं तरी मांजर, कुणाचा तरी ससा. घड्याळजीनं उठून त्यांच्या पिशवीतून फोन काढला, बंद केला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. डॉक्टरीणबाईंचा हात बधिर होत चालला होता. पण त्यांनी तो हलवला नाही.